'आता'मधली जास्तीची मात्रा

नणंद : ...आणि प्रत्येक ओळीत बारा अक्षरं. लघू, गुरू, गुरू, असं चारदा. भुजंगप्रयात साधलंयस की, वहिनी! यमाचा, यमाचा, यमाचा, यमाचा.

वहिनी : शुभ बोल गं! तुझा भाऊ आजच बोटीवरून उतरलाय आणि तू चारचारदा यम कसला काढतेस?

नणंद : अगं, गण ओळखायची खूण आहे ती. वीस वर्षं वर्गात हेच घोकून घेतेय. ऐक. 'समुद्रा तुझी लाट ये रोज दारी'. चोख! 'तिला मी पुसावे, कुठे हा फरारी'. हेही चोख. पण फरारी? माझ्या दादाला?

वहिनी : लग्नाला एकतीस वर्षं झाली, त्यातली घरी किती काढली, सांग? समुद्र म्हणजे सवत आहे माझी, सवत!

नणंद : समुद्र पुल्लिंगी.

वहिनी : असू दे. व्याकरण तुझं, संसार माझा.

नणंद : बरं बाई. शेवटची ओळ. 'तुझी संपली रे आता वाटमारी'. इथे अडखळलीस. तिथे लघू हवा, तुझा 'आ' दीर्घ. 'आता'चं 'अता' कर. सगळे कवी करतात, गुपचूप.

वहिनी : मी नाही करणार.

नणंद : एका मात्रेसाठी हटून बसतेस? संध्याकाळी दादाच्या निवृत्तीच्या निरोपसमारंभात सगळ्यांसमोर वाचायचीय ना तुला?

वहिनी : म्हणूनच. दोनदा 'आता घरीच' म्हणाले आणि दोनदा गेले. कंपनीने परत विचारलंय, शेवटची एक फेरी कराल का म्हणून. ह्यांनी अजून 'नाही' म्हटलेलं नाही. आता म्हणजे आता! तोंड भरून म्हणायचंय मला ते. तुझ्या यमाला भिऊन आखडतं नाही घेणार.

नणंद : म्हणजे कविता समुद्राला नाहीच.

वहिनी : समुद्राला मराठी कुठे येतं?

नणंद : ज्याला येतं तो दारात उभा आहे. दादा, कधीपासून ऐकतोयस?

दादा : फरारीपासून.

वहिनी : अहो, चहा टाकते... नाही, आधी सांगा. काय ठरवलंत?

दादा : खाली उभा राहून तोच फोन करत होतो. दुसरा इंजिनियर बघा म्हटलं.

वहिनी : खरंच?

दादा : खरंच. ही बोटीवरची बॅग माळ्यावर टाकू का?

वहिनी : थांबा. मी स्टूल धरते.