कोरे फुगे

—नाही हो, छापायची चूक नाही ती! चित्रकथेचा हाच अंक परत घेऊन आलेले सकाळपासून तुम्ही तिसरे. माणसं तोंड उघडतात आणि वर नुसता पांढरा फुगा, आत एक शब्द नाही — हेच ना? मग बदलून देते की. हा पाणबुडीवाला बघा, नवीनच आलाय, गोष्ट अशी पळते की पान उलटायला हात पुरत नाही — फक्त चेहरे सगळे एका साच्यातले, मावशी कुठली नि भाचा कुठला ते मिशीवरून ओळखायचं. की हा गुप्तहेराचा? सावल्या काय सुरेख टाकल्यात! पण खुनी दुसऱ्याच पानावर घामाघूम, मग पुढे वाचायचं काय, कपाळ? खरं सांगू, चित्रं बघावीत तर तुमच्या हातातल्या अंकाची. माझा नवराच काढतो — हो, इथंच वर राहतो आम्ही. आणि फुग्यांतली अक्षरं माझी. म्हणजे — असायची.

भांडण कसलं, सांगते ना! हा आधी चौकट चित्रानं भरून टाकणार आणि कोपऱ्यात फुगा ठेवणार वाटाण्याएवढा. त्यात म्हणे नायिकेचं अख्खं रडगाणं बसव! म्हटलं, जागा सोड. तर म्हणतो, तुझी अक्षरं माझी चित्रं खातात. मग काढ बिनअक्षरांचा, म्हटलं मी — रागात बोलतो हो माणूस! — तर ह्या शहाण्यानं खरंच काढला. तेव्हापासून अबोला. मी चहा करते, कप आपटते, तो मुकाट पितो. करमत नाही, खोटं कशाला बोलू? पण आधी मी बोलणार नाही. — मी वाचला का? छे, उघडलासुद्धा नाही; चित्रांचं बोलले ते त्याचा हात ठाऊक म्हणून. न वाचता विकायची ही पहिलीच वेळ माझी.

शेवटचं पान? बघू, द्या इकडे. — अगं बाई! ही पाठमोरी निघालेली मीच की, अंबाडा माझाच! आणि हा जिन्यावर, अंगठ्याएवढा — आणि त्याच्या तोंडचा फुगा बघा, सगळं पान व्यापलंय त्यानं! एकेका रेघेसाठी भांडणारा माणूस, आणि अख्खं पान कोरं सोडलंय — माझ्यासाठी हो! वेडा आहे, चांगला वेडा आहे. — रडत नाहीये, हसतेय मी. असं करा, पाणबुडीही न्या, गुप्तहेरही न्या, हा राहू दे मला. यात काय लिहायचं ते वर जाऊन त्यालाच विचारते — बोलते मीच आधी, जाऊ दे मेलं! — तुम्ही अजून उभेच? अहो, दुकान बंद झालं, निघा आता!