उद्या सर उतरणार

बोरिवलीला बसच्या रांगेत रेवतीच्या मागे एक नवी पायलट आणि तिचा भाऊ उभे होते. रेवतीचे कान तिकडेच!

“अपूर्वाताई, लायसन्स मिळालं ना? मग टरकलीस का?”

“रात्री उडवायची परवानगी वेगळी असते, मिहिर. उद्या सर विमानातून उतरणार. मी एकटी.”

“सरांबरोबर उडवलंस की!”

“परवा समुद्रावर बोटींचे दिवे मला चांदण्या वाटले. विमान कललेलं आणि मला वाटतंय, सरळच आहे. सरांनी सावरलं.”

“बाप रे! आईला सांगितलंस?”

“निम्मंच. म्हणाली, भीती वाटली तर खिडकीबाहेर बघू नकोस.”

“काय पण आई!”

“सरही हेच ओरडले होते रे. बाहेर नको, समोरच्या मीटरच्या काट्यांकडे बघ.”

“मग उद्या काट्यांकडेच बघशील ना?”

रेवतीची बस आली. तिने ती सोडली.

“ताई, बोल ना.”