ऐंशी नंबरचं दार

रोदान्थी : वीज गेलेली नाही, आई. कंप्युटर चालू आहे, इंटरनेट चालू आहे. फक्त आपली नंबर लावायची साइट उठत नाहीये.

काल्लिओपी : मग राहू दे झोपलेली. मी खडू घेते आणि पोत्यांवर नंबर टाकते. तुझ्या सासऱ्यांनी जन्मभर तेलाचा घाणा तसाच चालवला.

रोदान्थी : आणि दरवर्षी तेल निघायच्या आधी नंबरावरून डोकी फुटायची.

स्ट्रातिस : अगं पोरी, खिडकीत ये जरा! अंगणभर ट्रॅक्टर उभे आहेत. माझे ऑलिव्ह पोत्यात तापायला लागलेत. नंबर लावतेस, की जाऊ पलीकडच्या गावच्या घाण्यावर?

रोदान्थी : स्ट्रातिसकाका, एक कॉफी होईस्तोवर थांबा.

स्ट्रातिस : अगं, तिसरी चालू आहे!

काल्लिओपी : हा गेला की याच्यामागे सगळे जातील. आणि दुपारी तो घाणा विकत घेणारा यायचाय. रिकामं अंगण बघितलं की निम्म्या भावात मागेल.

रोदान्थी : मागू दे. तुमच्या माथिओसने मुखत्यारपत्र मला दिलंय, सही मी करणार. आणि या हंगामात घाणा चालला तर नाही करणार. तसं ठरलंय आमचं.

काल्लिओपी : पोटचा पोरगा तिकडे बोटीवर नोकरीत बसून म्हणतो विका, आणि सून म्हणते नाही. काय म्हणावं बाई!

रोदान्थी : आता मला जरा वाचू द्या. सेटिंगची फाइल ठीक आहे. डिस्कवर जागा आहे. म्हणजे दुखणं दुसरीकडे. हं, हे बघा, स्वतःच सांगतंय. ऐंशी नंबर आधीच कुणीतरी घेतलाय.

काल्लिओपी : कुणी? स्ट्रातिसने?

रोदान्थी : पोत्याचा नंबर नव्हे हो! हे सर्व्हरचं दार. बाहेरचे लोक ऐंशी नंबरच्या दारातून साइटवर येतात. तिथे दुसराच प्रोग्राम ठाण मांडून बसलाय. मागचा हंगाम संपल्यावर मी साइट बंद केली, तेव्हा असलं काही नव्हतं. थांबा, शोधते कोण आहे तो.

काल्लिओपी : शोधतेस कशाला? सगळं बंद करून पुन्हा चालू कर. टीव्हीला तसंच करतात.

रोदान्थी : कोण आहे ते कळल्याशिवाय मी कुणाला हाकलत नाही... कॅमेरा? आई, इथे कॅमेरा कुठाय?

काल्लिओपी : मला काय ठाऊक!

रोदान्थी : आई.

काल्लिओपी : बरं, ओरडू नकोस. उन्हाळ्यात तू माहेरी गेलीस ना, तेव्हा कलामाता शहरातून माणूस बोलावला होता. तिथे वर, संत निकोलसच्या तसबिरीजवळ लावलाय.

रोदान्थी : माझ्यावर नजर ठेवायला?

काल्लिओपी : तुला रोज बघतेच की! माथिओससाठी लावलाय. त्यानेच मागितला.

रोदान्थी : माथिओसने? मला म्हणतो, घाण्याचा विषय काढू नकोस. आणि फोन का करत नाहीस विचारलं तर म्हणे बोटीवर नेट नाही!

काल्लिओपी : विषय काढू नको म्हणाला. बघणार नाही असं कुठे म्हणाला? रोज सकाळी बघतो.

रोदान्थी : उन्हाळ्यात काय बघायचा? घाणा तर बंद.

काल्लिओपी : बंद घाणाच बघायचा. एकदा म्हणाला, आई, डावीकडच्या चाकावर धूळ बसलीय, पुसून घे. आणि तुला सांगू नको म्हणाला. बाप गेला त्या दिवशी याच उंबऱ्यावर ओरडला होता ना, पुन्हा इथे पाय ठेवणार नाही म्हणून. आता माघार कशी घेणार? बापावर गेलाय मेला.

रोदान्थी : आणि मी इथे एकटी झगडतेय. राग येतोय मला, आई. भयंकर राग येतोय.

काल्लिओपी : येऊ दे. पण कॅमेरा काढू नकोस गं.

रोदान्थी : काढतंय कोण? त्याला शेजारचं दार देते. दोघंही नांदतील. राउटरलाही तसं सांगून ठेवते. फक्त दोन मिनिटं कॅमेरा बंद करावा लागेल... केला. आता आपली साइट... उठली! स्ट्रातिसकाका, मोबाइल काढा, लावा नंबर!

स्ट्रातिस : लागला! पहिला मीच! पाव भाजायला ठेवतो गं, पहिल्या तेलात बुडवून खाऊ!

(फोन वाजतो.)

काल्लिओपी : हॅलो? पोरा, तू? थांब, थांब... अगं, माथिओस आहे. विचारतोय, घाण्याला काय झालं. समोरचं सगळं काळं झालं म्हणे. धड बोलता येत नाहीये त्याला. रडतोय की काय!

रोदान्थी : द्या इकडे. हो, मीच. घाण्याला काही झालेलं नाही... सगळं कळलंय मला... आणि चाकावरची धूळ पुढच्या वेळी मला सांगायची, समजलं? आता बोल, दुपारी तो माणूस येतोय, त्याला काय सांगू?... ऐकू नाही आलं. मोठ्याने सांग, आईंनाही ऐकू दे... बरं, नाही म्हणून सांगते त्याला. कॅमेरा चालू केलाय, बघ. स्ट्रातिसकाका, पोती आत घ्या! आणि जरा डावीकडून आणा, तसबिरीसमोरून.