सूपला दात लागत नाहीत

—नाही, नवऱ्यासमोर नकोच, म्हणून तर सिक्स्टनला खाली गाडी लावायला पाठवलं. तेवढ्यात ऐक. तू त्याच्या चेहऱ्याचे व्यायाम घेतेस, इल्वा, तूच सांगू शकशील. आणि खरं सांगायचं हं — मला बरं वाटावं म्हणून नको.

कानामागची गाठ काढली, उजवा गाल लोंबला, मग सर्जननी चावायची नस हसायच्या नसेला जोडली — तुला ठाऊक आहे गं, पण ओळीने सांगितलं नाही तर माझं मलाच कळत नाही. दात आवळले की हसू येतं. बरोबर? नाही आवळले तर नाही. बरोबर. म्हणून तर गुन्वोरच्या नवऱ्याच्या अंत्यविधीला ती शोभा झाली — शेजारीण आमची — चर्चनंतर सगळे कॉफीला बसलेले, ह्याने सँडविच-केकचा घास घेतला आणि चावता चावता थेट तिच्याकडे बघून हसला! अख्खं टेबल त्याच्याकडे वळलं. मीच ओरडले, ‘तो हसत नाहीये, तो जेवतोय!’ मग सगळेच हसले, गुन्वोरसुद्धा — डोळ्यांत पाणी आणि हसतेय. तेव्हा मलाही गंमत वाटली. खरंच वाटली.

पण मग सिक्स्टन च्युइंगम चघळायला लागला. ह्या वयात! आणि कधी? कुंपणाशी उभा असला की. पलीकडे ती गुलाब छाटतेय, इकडे हा चघळतोय, आणि गाल आपला वर-खाली. ‘काय रे, कुणाकडे बघून?’ ‘अगं, चघळतोय.’ बघ, काय सोय झाली! बाकीच्या नवऱ्यांना सबब शोधावी लागते, माझ्या नवऱ्याला सर्जनने टाके घालून शिवून दिलीय.

म्हणून मी गुरुवारची वाट पाहिली. गुरुवारी अख्ख्या स्वीडनमध्ये वाटाण्याचं सूपच असतं, त्यामुळे त्याला शंका यायचं कारण नाही — फक्त मी त्यातलं मांस काढलं, सूप गाळून घेतलं, त्यानंतरचे नेहमीचे पॅनकेकही केले नाहीत. चावायला काही म्हणजे काही नाही. आणि वाढता वाढता म्हटलं, गुन्वोरने तुझी चौकशी केली. — केली नव्हती. — गाल उचलला गं त्याचा! डावा आणि उजवा, दोन्ही, अगदी अलगद. मी जबड्याकडेच बघत होते, जबडा सैल होता, चमचा अजून हवेत. मग मी आमची होडीची गोष्ट काढली, लग्नाआधीची, मी पाण्यात पडले ती, तिला तो नेहमी हसतो — हसायचा. त्याने दात आवळले. माझ्यासाठी आवळले. दिसलं मला, इथे, कानाखाली, स्नायू टच्च झाला.

तू हसतेस काय? — काय? न चावता हसू येणं म्हणजे मेंदू शिकला? सगळ्यांना जमत नाही हे? वा! मग कर की अभिनंदन माझं. आरशासमोर रोज शेजारी बसून ‘आवळ, सोड, आवळ, सोड’ मी म्हणायचं, आणि हा शिकला कुणासाठी —

लिफ्ट आली. हे बघ, त्याला यातलं काही बोलू नकोस. त्याला अजून कळलेलं नाही, त्याला खरंच वाटतं की दातांमुळे होतं. वाटू दे. आजही ‘दात आवळ’ म्हण, रोज म्हण — काही नाही रे, पार्किंगबद्दल बोलत होतो. जा आत तिच्याबरोबर. मी बसते इथेच.