कॉफीवरचा आळ

इंडोनेशियातल्या आचे प्रांतात, गावच्या दवाखान्यातल्या बायकांच्या बाकावर सफियाचा नंबर अजून लांब होता. पुढे कॉफीवाली रोहाना डॉक्टर फखरींवर बरसत होती.

"माझ्या टपरीला टाळं ठोकताय?"

"मावशी, आम्ही सगळं गाव तपासलं. कॉफी पिणाऱ्यांचीच फुप्फुसं खराब निघाली."

"पिणारे मोजले कुठे?"

"तुमच्याच बाकड्यांवर."

"तिथं पुरुष बसतात. सिगारेटशिवाय एक तरी दिसला?"

"नाही... सगळेच ओढत होते."

"आणि मागच्या दारातून पिशवीत कॉफी बांधून नेणाऱ्या बाया?"

"त्या टपरीत बसलेल्या दिसल्या नाहीत, म्हणून न पिणाऱ्यांत धरल्या."

"वा रे शहाण्या! त्यांची फुप्फुसं कशी आहेत?"

"ठणठणीत."

"मग विचारा ना, बसल्यात इथंच!"

डॉक्टर वळले.

"बायांनो, रोज कॉफी कोण पितं?"

सफियाचा हात सगळ्यांत आधी वर गेला. मग अख्ख्या बाकाचे हात वर झाले आणि हशा पिकला.

"सिगारेट कोण ओढतं?"

"आमचे नवरे!"

"मावशी, चुकलो. टपरी चालू ठेवा, फक्त आत सिगारेट बंद करा."

"आजपासूनच बंद! पंचवीस वर्षं त्यांची राख मीच झाडतेय, मेल्यांची!"