हिरड्या, पोट आणि आबांचे तस्त

सन्माननीय अध्यक्ष शेठ मोहनलालजी, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, आज आपण ज्यांना निरोप देत आहोत ते डॉक्टर सुकदेव वाणी, आणि एरंडोलच्या माझ्या बंधुभगिनींनो,

माझ्या आईचे पोट तिच्या हिरड्यांनी बिघडवले होते का? या प्रश्नाचे उत्तर मला देता येत नाही. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर; म्हणून सारे मलाच विचारतात.

दोन वर्षांपूर्वी मी बी. ए. होऊन पुण्याहून आले, तेव्हा आई पेजेवर होती. माझ्या पेढ्याचा तुकडाही तिला सोसला नाही. पोटात गाठ असेल, ही भीती घरात कोणी उच्चारत नव्हते. मी तिला या धर्मार्थ दवाखान्यात आणले. डॉक्टरांनी पोट तपासले, गाठ नाही म्हणून सांगितले, आणि मग म्हणाले, “आ करा.”

“पोट दुखी ऱ्हायनं, तुम्ही तोंड काय देखतस?” आई रागावली.

हिरड्या सुजलेल्या, दाबल्या की पू येई. मिसरीच्या काळेपणात रक्त आम्हाला कधी दिसलेच नव्हते. डॉक्टरांनी तो पू काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. मी पाहिले आणि आईलाही पाहायला लावले. वळवळणारे जंतू बघून ती म्हणाली, “त्या बठ्ठा जेवतस, अन् मी उपाशी?”

डॉक्टरांनी विचारले, “तोंडात रक्त आले की थुंकता ना?”

“सासरा ओटावर बसेल शे. थुकू कोठे?”

सभ्य गृहस्थहो, आपल्यापैकी किती घरांत सुना असे गिळत असतील? वडीलधाऱ्यांसमोर थुंकायचे नाही, ही आमच्या घरची रीत. आई पंचवीस वर्षे ती पाळत होती.

डॉक्टर छातीठोकपणे काही बोलले नाहीत. तोंडातले बहुतेक जंतू जठरात मरतात, काही पुढे आतड्यांत तग धरत असतील, नक्की ठाऊक नाही, असे त्यांनी सांगितले. हलणारे तीन दात काढले, मिसरी सोडवली, मिठाच्या गुळण्या दिल्या. पोटाचे औषधही दिले. मग गुण कशाचा? मी विचारले, तर हसून म्हणाले, “तुम्ही शिकलेल्या, तुम्ही शोधा.” मी अजून शोधते आहे. पण आई बरी आहे. गेल्या रविवारी तिने कळण्याची अर्धी भाकरी खाल्ली आणि वर आणखी ठेचा मागितला. ती समोर तिसऱ्या रांगेत बसली आहे.

डॉक्टरसाहेब, आमच्या घराच्या वतीने आपले मनापासून आभार. अध्यक्षांनी मला बोलू दिले, त्यांचेही. माझे उच्चार आज जड झाले असतील, ते पोटात घाला. कारण सांगते. माझ्याही हिरड्यांतून रक्त येत होते, आणि मी ते लपवत होते. आज सकाळी डॉक्टरांनी माझी दाढ काढली.

घरी पोहोचले तेव्हा तोंड रक्ताने भरले होते. माझे आजोबा, आबा, ओट्यावर बसलेले, शेजारी त्यांचे थुंकायचे पितळी तस्त. क्षणभर गिळणारच होते. मग पुढे झाले आणि आबांच्या देखत त्या तस्तात थुंकले.

आबांनी तस्तात डोकावून पाहिले. मग तस्त माझ्याकडे सरकवून म्हणाले, “आते तुनी मायले दे.”

इकडे निघण्यापूर्वी मी ते घासून आईच्या चुलीजवळ ठेवून आले आहे.