रोवणीपुरतं बोलणं

कोहमाऱ्याच्या थांब्यावर तुलसाबाईच्या शेजारी एक म्हातारबा नातीशी बोलत होते.

"आबाजी, शाळेतल्या बाईनं इचारलं, कोनाजवळ राहतेस?"

"मंग काय सांगतलंस, रुची?"

"शाळा असली का आईसंगं तुमच्या घरी, रविवारी बाबाकडं."

तुलसाबाईला राहवलं नाही. "पोरगी नवरा सोडून घरी आली, तं गाव बोललं नाही का, भाऊ?"

"रोवणीत बोललं, बाई. धान कापेपर्यंत विसरलं."

"अन् हे लेकरू रडत नाही?"

"दोन्ही घरी टूथब्रश आहे माहा," रुचीच म्हणाली.

तुलसाबाईनं लेकीला फोन लावला.

"रेणू, टिंकूले घेऊन घरी ये."

"आई, नवरा सोडून येऊ नको, असं कालच तं म्हणलीस."

"म्हणली असन. त्याचा शाळेचा दाखला बी आण. अन् रोवणीच्या आत ये, बांधीत धान रोवणाऱ्या बायायले बोलाले काही तं पाहिजे."